जकातीचा हिशेब आणि फॉर्मची शेवटची तारीख

रमजानच्या महिन्यात वसतिगृहातल्या गरीब मुलाची एक अडचण झाकली जाते. दुपारी मेसमध्ये तो दिसला नाही तरी कोणी चौकशी करत नाही. रोजा असेल, असे सगळे धरून चालतात. संध्याकाळी जवळच्या मशिदीत खजूर, फळे, भजी, कधी खिचडा मिळतो. सहरीला खोलीतल्या कोणाचे तरी दूध-पाव असते. महिनाभर मेसचे पैसे वाचतात आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. अडचण सुरू होते ती ईदनंतर. मग हा मुलगा सोमवारी जेवायला येत नाही, गुरुवारीही येत नाही. मित्रांनी विचारले तर ‘नफ्ल रोजा आहे’ म्हणतो. सोमवार-गुरुवारचा रोजा सुन्नत आहे, त्यामुळे उत्तर कोणाला खोटे वाटत नाही. कधी कधी ते खरेही असते. पण मंगळवारी आणि शनिवारीही तेच उत्तर येऊ लागले, की समजावे, ही भूक इबादतीची नाही, मेसचे बिल थकल्याची आहे.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींची गरिबी अशी असते. ती पटकन दिसत नाही. अंगावर धुतलेले, इस्त्री केलेले कपडे असतात, हातात मोबाइल असतो, बोलण्यात चार इंग्रजी शब्द असतात. गल्लीतल्या लोकांना वाटते, पोरगा शिकतोय, म्हणजे घरचे बरे चालले असणार. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे मराठीत म्हणतात. ही मुले तेही सोंग आणतात आणि ते निभावतातही. सोंग गळून पडते ते नोटीस बोर्डावर परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख लागते तेव्हा.

शिक्षणाचा खर्च म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर फी येते. फी मोठी असते हे खरे. पण तिचा आकडा आधी माहीत असतो. बाप उधार-उसनवार करतो, आई भिशी उचलते, मामा हातभार लावतो आणि जून-जुलैत प्रवेश होऊन जातो. घराने आपली सगळी ताकद त्या एका दिवसासाठी लावलेली असते. त्यानंतर जे येते त्यासाठी घरात काहीच उरलेले नसते. आणि येणारे तर येतच राहते. परीक्षेचा फॉर्म, प्रॅक्टिकलची जर्नल, प्रोजेक्टची छपाई आणि बाइंडिंग, एसटीचा पास, खोलीमालकाने अचानक मागितलेली वाढीव अनामत, फुटलेला चष्मा, डेंग्यूच्या तापात चार दिवस सलाइन. मोबाइल पडून स्क्रीन गेली, तर वर्गाच्या नोट्स, फॉर्मचा ओटीपी, शिष्यवृत्तीचा मेसेज हे सगळे एकदम बंद. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो, त्याला हे किरकोळ वाटेल. ज्याचे हातावर पोट आहे, त्याच्यासाठी यातला प्रत्येक खर्च म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

मालेगावचे किंवा भिवंडीचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. बाप यंत्रमागावर कामाला. मजुरी विणलेल्या कापडावर, हिशेब आठवड्याचा. माग चालले तर पैसे, सुताचे भाव वाढून किंवा मागणी घटून माग थांबले तर हात रिकामे. मोठी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. फॉर्म भरायच्या आठवड्यातच आजीला दवाखान्यात न्यावे लागते आणि त्या आठवड्याची मजुरी औषधात जाते. फॉर्मचे, समजा, बाराशे रुपये आहेत. मुलगी घरी सांगतच नाही. तारीख उलटते, विलंब शुल्क लागते. तेही जमत नाही, तेव्हा अतिविलंब शुल्काची पाटी लागते. ज्याच्याकडे बाराशे नव्हते, त्याच्याकडून आता जास्त मागितले जातात. दंड बेफिकीर मुलाला वेळेवर आणण्यासाठी असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा रिकाम्या खिशाला बसतो.

पुढची साखळी ओळखीची आहे. फॉर्म नाही म्हणून हॉल तिकीट नाही. हॉल तिकीट नाही म्हणून सत्र गेले. सत्र गेले म्हणून शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडले. घरात आणखी एक वर्ष काढायचे म्हणताच काका सांगतात, आता पुरे, मुलीसाठी स्थळ चांगले आले आहे. मुलगा असेल तर मोबाइलच्या दुकानात नाही तर गॅरेजमध्ये लागतो आणि ‘पुढच्या वर्षी फॉर्म भरतो’ म्हणतो. ते पुढचे वर्ष सहसा येत नाही. कॉलेजच्या दप्तरी या मुलांच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच लिहिले जाते. शिक्षण सुटण्याचे कारण गरिबी, असे सगळे म्हणतात. पण गरिबी तर पहिल्या दिवसापासून होती आणि तिला तोंड देत ही मुलगी दुसऱ्या वर्षापर्यंत आली होती. तिचे शिक्षण सुटले ते एका आठवड्यात, बाराशे रुपयांवरून.

शिष्यवृत्त्या आहेत ना, असा प्रश्न इथे विचारला जातोच. आहेत. महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, इतर मागासवर्गाच्या सवलती मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्यांनाही लागू आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना, पात्रता असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये घेतला. एसटीच्या विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत आहे. या योजनांनी हजारो घरांत पहिला पदवीधर दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे काही दारे बंदही झाली. अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये बंद केल्याचे सांगितले. ती पुन्हा मिळावी ही मागणी रास्तच आहे.

पण शिष्यवृत्तीचे घड्याळ वेगळे आणि अडचणीचे वेगळे. शिष्यवृत्तीसाठी आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला सेतू केंद्राच्या फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला बापाची नाही तर मुलाची एक दिवसाची मजुरी बुडते. मग बँक खाते आधारशी जोडलेले लागते; ते जोडलेले नसेल, किंवा जोडणी दुसऱ्याच जुन्या खात्याला झालेली असेल, तर मंजूर रक्कमही अडकून पडते. मग कॉलेजची पडताळणी, मग विभागाची. पैसे येतात तोवर अनेकदा परीक्षा होऊन गेलेली असते. वरातीमागून घोडे येते. घोडे चांगले असते, पण वरात पायी गेलेली असते, आणि काही जण वाटेतच थांबलेले असतात.

या मधल्या रिकाम्या जागेत कोण शिरते, हेही पाहिले पाहिजे. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स शिरतात. कागद नको, जामीन नको, घरी कळायला नको. गरजू आणि लाजाळू मुलाला याहून गोड काय वाटणार? तीन हजारांचे कर्ज घेतले तर प्रक्रिया शुल्क आधीच कापून हातात त्याहून बरेच कमी येतात, आणि आठवड्याभरात पूर्ण तीन हजार व्याजासह मागितले जातात. ते फेडायला दुसरे ॲप, दुसरे फेडायला तिसरे. हप्ता चुकला की फोनमधल्या नंबरांवर, मामापासून वर्गमैत्रिणीपर्यंत, बदनामीचे मेसेज जातात. कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधली संपर्क यादी आणि फोटो वापरू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मधल्या नियमांत बजावले आहे. पण बेकायदा ॲप नियम वाचून धंदा करत नाही. ज्या समाजात सूद हराम असल्याचे मिंबरवरून दर शुक्रवारी सांगितले जाते, त्याच समाजातली मुले हजार-दोन हजारांसाठी सर्वांत कठोर सूद भरत आहेत. ती धर्म विसरली म्हणून नव्हे, तर विनासूद कर्जाचे, कर्ज-ए-हसनाचे दार त्यांना कोणी दाखवले नाही म्हणून.

रमजानचा संबंध येतो तो इथे.

या महिन्यात मुस्लिम समाज जेवढे देतो, तेवढे वर्षाच्या इतर कोणत्याही महिन्यात देत नाही. कर्ज आणि गरजा वजा जाता वर्षभर निसाबाइतकी मालमत्ता ज्याच्याकडे राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात द्यायची. निसाब म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी किंवा 87.48 ग्रॅम सोने, किंवा त्या किमतीची संपत्ती. लाख रुपयांवर अडीच हजार. वरच्या घरातल्या मुलीचा फॉर्म, विलंब शुल्कासह, एका माणसाच्या एका लाखावरच्या जकातीत बसतो. प्रश्न पैसा नसण्याचा नाही. पैसा कोणत्या हातांपर्यंत आणि कोणत्या दिवशी पोहोचतो, याचा आहे.

आणि मदतीला दिवस असतो, वेळ असते, हे इस्लामने फितऱ्यातूनच शिकवले आहे. फितऱ्याची रक्कम फार मोठी नसते. पण तिच्यावर एक सक्त अट आहे: ती ईदच्या नमाजआधी गरिबाच्या हाती पडली पाहिजे. नमाजनंतर दिलेला पैसा साधा सदका ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे. पैसा तोच, देणारा तोच, घेणारा तोच. तासाभराच्या उशिराने त्याचा दर्जा बदलतो. कारण फितऱ्याचा हेतू गरिबाला ईदच्या दिवशी ईद करता यावी हा आहे. दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचे सामान पोहोचवून तो हेतू पुरा होत नाही. परीक्षेच्या फॉर्मचेही असेच आहे. शेवटच्या तारखेआधी बाराशे रुपये म्हणजे एक वर्ष. तारखेनंतर बाराशे रुपये म्हणजे नुसते बाराशे रुपये.

जकात कोणाला द्यावी, हे कुरआनात सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ वर्गांत सांगितले आहे. त्यात पहिले फकीर आणि मिस्कीन येतात. पुढे कर्जाखाली दबलेला येतो, आणि प्रवासात साधने संपलेला वाटसरूही येतो, मग आपल्या गावी त्याचे काही असले तरी. बीडहून किंवा परभणीहून पुण्यात आलेला, घरचे पैसे न पोहोचल्याने खोलीत अडकलेला विद्यार्थी या यादीच्या बाहेर आहे, असे कोण म्हणेल? तो कोणत्या वर्गात बसतो, ते उलेमांनी ठरवावे. कुठे ना कुठे तो नक्की बसतो.

याहून जुना दाखला मदिनेतलाच आहे. मस्जिद-ए-नबवीच्या एका छपराखालच्या ओट्यावर, सुफ्फ्यावर, काही गरीब सहाबी राहत. घर नाही, व्यापार नाही. दिवसभर शिकणे एवढेच काम. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांतलेच. उपासमारीने ते कधी कधी भोवळ येऊन पडत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेच्या लोकांना सांगत, की ज्याच्या घरी दोघांपुरते जेवण असेल, त्याने यांच्यातला तिसरा सोबत न्यावा. एका घरी एक, दुसऱ्या घरी दोन, अशी ही मंडळी वाटली जात. महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. इथल्या गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वार लावून जेवल्या आणि शिकल्या. 1906 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे केले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्या दिवशी पोरांना जेवायला हवे होते. अनुदान येईपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले नाही. सुफ्फ्यापासून साताऱ्यापर्यंत गोष्ट एकच आहे: शिकणाऱ्याचे आजचे जेवण आज.

सूरह बकरामध्ये अशा गरजूंचे वर्णन आहे, जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत, आणि त्यांच्या संयमामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. अनेक भाष्यकारांनी ही आयत सुफ्फ्याच्या विद्यार्थ्यांशी जोडली आहे. आजच्या कॉलेजात त्या वर्णनाचा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही. दाराशी येऊन हात पसरणाऱ्याला रमजानात काही ना काही मिळते. मशिदीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यालाही मिळते. इस्त्रीच्या शर्टातला मुलगा त्याच पायऱ्या उतरून, तरावीह संपवून, निघून जातो. त्याला विचारणारा कोणी नसतो आणि तो स्वतः सांगणार नसतो.

यावर काही शंका घेतल्या जातात, आणि त्या प्रामाणिक आहेत. पहिली अशी की जकात ही दीनी तालीमसाठी. कॉलेजच्या मुलांना कशी द्यायची? पण जकातीचा हक्क गरिबीमुळे मिळतो, अभ्यासक्रमामुळे नाही. मदरशातला गरीब विद्यार्थी हक्कदार आहे तो गरीब आहे म्हणून. फार्मसीचा गरीब विद्यार्थीही त्याच कारणाने आहे. मदरशांचा वाटा कमी करा, असे इथे कोणी सुचवत नाही. त्यांचा वर्षाचा गाडा याच महिन्याच्या देणग्यांवर चालतो. पण त्यांच्या पावतीबुकाला रमजानात दारोदार जाणारे लोक आहेत. कॉलेजातल्या मुलाचे पावतीबुक घेऊन कोणीच निघत नाही.

दुसरी शंका मसल्याची. हनफी फिकहनुसार जकातीची रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून ती इमारतीला, कंपाउंडला, संगणक कक्षाला लागत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही अट अडचण नसून सोयच आहे. पैसा मुलाच्या हातात किंवा खात्यात द्यावा, फॉर्म त्याने भरावा. शिवाय ही जकात आहे, असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही. देणाऱ्याची नियत पुरेशी आहे. ईदी म्हणून, बक्षीस म्हणून दिले तरी चालते. धर्माने गरजूच्या लाजेची एवढी काळजी घेतली आहे, तर वाटपाचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी ती का घेऊ नये? एका फोटोसाठी एखादी मुलगी मदत नाकारते आणि शिक्षण सोडते, हे देणाऱ्याला कधी कळतही नाही.

तिसरी शंका फसवणुकीची. कोणी खोटे सांगून पैसे नेले तर? नेईल, एखादा नेईल. पण रक्कम लहान असते आणि खर्च तपासता येतो: फॉर्मची पावती, दवाखान्याचे बिल, मेसचे कार्ड. वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकाला कोण खरोखर अडचणीत आहे, याचा अंदाज असतो. शंभरात दोघांनी फसवले म्हणून अठ्ठ्याण्णव जणांचे वर्ष घालवणे हा शहाणपणाचा हिशेब नव्हे. आणि मुलांनी कमवावे, शिकावे, असे म्हणणाऱ्यांना सांगायला हवे, की ती कमवतच आहेत. शिकवण्या घेतात, रात्री पार्सल पोहोचवतात, मुली मेंदी काढतात, कपडे शिवतात, रमजानात फळांच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्या मुलांत कितीतरी पदवीचे विद्यार्थी असतात. त्यांच्या कमाईतून रोजचे भागते. अचानक आलेले भागत नाही.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान मागे सरकत राहतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये, प्रवेशाच्या हंगामात आला होता. अलीकडे तो परीक्षांच्या तोंडावर येतो. पण कॉलेजची अडचण बारा महिने असते. जकात एका महिन्यात वाटून मोकळे झाले, की ऑक्टोबरात ताप आलेल्या मुलासाठी कोणाकडे काही उरत नाही. यावरही मार्ग आहे. जो निसाबाचा मालक आहे, त्याला वर्ष पुरे होण्याआधीच, पुढच्या जकातीच्या हिशेबात, थोडी थोडी रक्कम देता येते, असे बहुसंख्य फकीह सांगतात. म्हणजे जकात रमजानमध्ये मोजावी, आणि तिचा एक हिस्सा वर्षभर हप्त्याने द्यावा, हे धर्माच्या चौकटीतच आहे.

व्यवस्था फार मोठी लागत नाही. एका मोहल्ल्यातल्या चाळीस घरांनी महिन्याला दोनशे रुपये काढले, तर महिन्याचे आठ हजार होतात, वर्षाचे शहाण्णव हजार. एवढ्यात एका कॉलेजातल्या कित्येक मुलांचे अडलेले आठवडे पार पडतात. तीन माणसे पुरेत: कॉलेजातले एक शिक्षक, मोहल्ल्यातली विश्वासाची एक बाई आणि मशिदीचे इमामसाहेब. बाई हवीच, कारण मुलगी आपली अडचण पुरुषांच्या कमिटीपुढे सांगणार नाही. नियम दोन-तीनच ठेवावेत. मागितल्यापासून दोन दिवसांत निर्णय. नाव तिघांपलीकडे जाणार नाही. हिशेबात आकडे असतील, नावे नाहीत. ज्याची शिष्यवृत्ती मंजूर होऊन अडकली आहे, त्याला रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून द्यावी, पैसे आले की त्याने परत करावेत. म्हणजे त्याचा मानही राहतो आणि तोच पैसा पुढच्याच्या कामी येतो. मात्र हे कर्ज जकातीतून नव्हे, तर इमदादीतून द्यावे. त्यासाठी दोन खाती वेगळी असलेली बरी. जकातीचे खाते मुस्तहिक मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी. दुसरे नफ्ल सदक्याचे आणि इमदादीचे. त्यातून जकात न चालणाऱ्या सय्यद घरातल्या मुलाला आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या मित्रालाही देता येईल. फॉर्मची तारीख जात-धर्म पाहून लागत नाही.

यामुळे कॉलेज आणि सरकार यांची जबाबदारी संपते असे नाही. परीक्षा शुल्क दोन हप्त्यांत घेता येते. ज्याची शिष्यवृत्ती प्रलंबित आहे, त्याचे विलंब शुल्क माफ करता येते. विद्यार्थी विकास मंडळ आणि ‘कमवा आणि शिका’सारख्या योजना विद्यापीठांत आहेत, त्यांची माहिती प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात, मराठीत आणि उर्दूत, पडायला हवी. आधार जोडणीचे शिबिर बँकेला बोलावून कॉलेजच्याच आवारात घेता येते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, कोणीतरी मनावर घेणे लागते. मागण्या करत राहाव्यात. पण मागणी मान्य होईपर्यंत या वर्षीच्या मुलीचा फॉर्म थांबणार नाही.

रमजानचे शेवटचे दिवस येतील तशा घराघरांत याद्या होतील. कोणाला किती जकात, किती फितरा. विधवा आत्या, कामवाली बाई, मदरसा, गावाकडचा चुलता. त्या यादीत एक ओळ वाढवायला जागा असते. नातेवाइकांत, शेजारात, गावाकडच्या ओळखीत कॉलेजला जाणारे कोण आहे, एवढे आठवावे. मग त्या घरी जाऊन फी भरली का, असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. फॉर्म भरला का आणि शेवटची तारीख कधी आहे, हे विचारावे.